खांद्यावरचे काटे आणि पोटाखालची सोंड

प्रश्न : माझी तीन एकर कपाशी असून बांधालगत अर्धा एकर सोयाबीन आहे. आठवडाभरापासून सोयाबीनवर खांद्याला दोन टोकदार काटे असलेले तपकिरी ढेकूण दिसत आहेत. मोबाइलवरील ॲपने त्यांचे नाव ‘युशिस्टस हेरॉस’ असे दाखवले आणि हा ब्राझीलमधील सोयाबीनचा मोठा शत्रू असल्याचे सांगितले. दुकानदार लगेच फवारणी करा म्हणतात. सोबत तीन छायाचित्रे पाठवली आहेत. हा ढेकूण तोच आहे काय?
— एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव

उत्तर : फवारणी कृपया थांबवावी. आपण पाठवलेला कीटक युशिस्टस हेरॉस नाही, आणि तो आपल्या पिकाचा शत्रूही नाही.

युशिस्टस हेरॉस हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ब्राझील, पॅराग्वे आणि अर्जेंटिनातील सोयाबीनच्या शेंगांत सोंड खुपसून तो दाण्यांतील रस शोषतो, त्यामुळे दाणे सुरकुततात आणि त्यांची प्रत उतरते. रंग तपकिरी, लांबी सेंटिमीटरभराहून थोडी अधिक, दोन्ही खांद्यांवर पुढे आलेले काटे, हे सारे आपल्या कीटकाशी जुळते आणि इथेच घोटाळा होतो. खांद्यावरचे काटे ही मुळात भरवशाची खूणच नव्हे. खुद्द युशिस्टस हेरॉसमध्येही हंगामात वाढलेल्या कीटकांचे काटे लांब व टोकदार असतात, तर शेतात पीक नसताना पालापाचोळ्याखाली दडून राहणाऱ्या पिढीचे काटे बोथट असून रंगही फिका असतो.

त्याची खरी ओळख पाठीवर आहे. या कुळातील सर्व ढेकणांच्या पाठीवर, दोन पंखांच्या मधोमध, एक मोठा त्रिकोण असतो. युशिस्टस हेरॉसमध्ये या त्रिकोणाच्या मागच्या टोकाला चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका असतो. आपले पहिले छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा तेथे अशी कोर आढळली नाही. उलट त्रिकोणाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत एकेक पिवळसर ठिपका स्पष्ट दिसला. पुढच्या पायांच्या नळ्याही पानासारख्या पसरट आहेत. या खुणा ‘इओकँथेकोना फर्सेलाटा’ या आपल्याकडच्या शिकारी ढेकणाच्या आहेत.

निर्णय मात्र तिसऱ्या छायाचित्राने झाला, आणि ते काढल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण कीटक तळहातावर उताणा करून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पोटाखाली दुमडलेली सोंड त्यात नीट दिसते. झाडाचा रस पिणाऱ्या ढेकणाची सोंड बारीक असते आणि तिचा मुळाकडचा भाग डोक्याखालच्या खाचेत बसलेला असतो. शिकारी ढेकणाची सोंड बुंध्याशी जाड आणि मोकळी असते, म्हणून ती त्याला सरळ पुढे काढून अळीच्या अंगात रोवता येते. आपल्या कीटकाची सोंड अशीच जाड आहे. दुसऱ्या छायाचित्रात त्याच्या तोंडापुढे जे काळपट, चिरगुटासारखे लोंबताना दिसते, ती शोषून रिकामी केलेली अळी आहे. पाने खाणाऱ्या अळ्या हेच त्याचे अन्न, आणि त्याची लालसर-काळी पिल्लेही पहिली कात टाकल्यानंतर अळ्यांवरच जगतात. फवारणी केली असती तर अळ्यांबरोबर त्यांचा हा शिकारीही गेला असता, याचेच मला अधिक वाईट वाटले असते.

याचा अर्थ शेतातला प्रत्येक ढेकूण मित्र आहे, असा कृपया घेऊ नये. हिरवा ढेकूण, म्हणजे नेझारा व्हिरिड्युला, ब्राझीलमध्ये आहे तसाच खानदेशातही आहे आणि तो शेंगांचे नुकसान करतो. फिकट हिरव्या अंगावर, खांद्यांच्या मधून आडवा पट्टा असलेला पायझोडोरस गटातला ढेकूण दिसला, तर मात्र केवळ छायाचित्रावर विसंबू नये; दक्षिण अमेरिकेतील पायझोडोरस गिल्डिनी आणि आपल्याकडील पायझोडोरस हिब्नेरी या एकाच वंशातल्या दोन वेगळ्या जाती असल्यामुळे वरून पाहता सहज फसगत होते. अशा वेळी दोन-तीन कीटक स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकावेत, चिठ्ठीवर गाव, पीक आणि तारीख पेन्सिलने लिहून ती बाटलीतच ठेवावी (शाईचे अक्षर स्पिरिटमध्ये विरघळते) आणि बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्र विभागात दाखवावी.