ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला रुजू होणाऱ्या नर्सताईंसाठी

ताई, रुग्णालयात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या ‘काँग्रेस’मध्ये जाऊन ओळख करून घ्या. (नावावरून गोंधळू नका, ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांनीच १९७३ साली उभी केलेली ही संस्था आज आरोग्यसेवा चालवते. सिडनीच्या रेडफर्नमध्ये असा पहिला दवाखाना १९७१ मध्ये निघाला.) आपला तयार कार्यक्रम घेऊन जाऊ नका, काय हवंय ते आधी त्यांना विचारा.

रुग्ण गप्प बसला तर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा कृपा करून मारू नका. सरकारने ज्या ॲबोरिजिनल लोकांना लहानपणी आईबापांपासून तोडून नेलं, ती माणसं अजून हयात आहेत. सरकारी दवाखान्याची धास्ती उगाच नाही वाटत.

ॲबोरिजिनल हेल्थ वर्करचं, म्हणजे त्यांच्याच समाजातल्या आरोग्य कर्मचाऱ्याचं, मत उपचार ठरण्याआधी घ्या. आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला, गेलेल्याचं नाव उच्चारू नका.