पिल्लू आणण्याआधी त्याची आई बघून या

ताई, ठाण्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचं पिल्लू आणताय, छान! कुठली जात ते नंतर. आधी पिल्लाची आई स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बिल्डिंगखाली गाडीतून पिल्लू आणून देणारा माणूस आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर त्याला सरळ परत पाठवा. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कागद मागायला लाजू नका. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेणार असाल, तर आईवडिलांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का तेही विचारा.

चपट्या नाकाचा पग मात्र नकोच. मी पाळलाय. मे महिन्यात त्याची घरघर ऐकत रात्री जागवल्यात. देशी पिल्लू दत्तक घेतलंत तर यातली बरीच डोकेदुखी वाचेल.

नवखे हमखास इथे चुकतात:

- लसी पूर्ण व्हायच्या आत (साधारण १६ आठवडे) उपवन तलावावर फिरायला नेऊन जमिनीवर सोडणं. पार्व्हो हा विषाणूचा आजार वाईट. कडेवर घेऊन जग दाखवा, ते चालतं.
- आपल्या ताटातलं देणं. कांदा, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही.
- पावसाळ्यात गोचिडांकडे दुर्लक्ष.

आणि मादी घेतलीत, तर "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" म्हणणारे शेजारी भेटतीलच. तिच्या तब्येतीला त्याची काही गरज नसते. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

ट्रेनिंगबद्दल बोलू, पिल्लू घरी रुळलं की.