पिंपरी-चिंचवड खरंच इतकं श्रीमंत शहर आहे का? तिथे नेमके कोण लोक राहतात?

महापालिका श्रीमंत आहे. शहर श्रीमंत आहे का हा वेगळा प्रश्न, आणि तिथली माणसं श्रीमंत आहेत का हा तिसराच. तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत नोकरी लागली आहे, नागपूरहून बायको-मुलांसह यायचं आहे, आणि ‘आयटीमुळे श्रीमंत झालेल्या’ या शहरात लोकवस्ती कशी, उत्पन्न किती, स्थायिक व्हावं का. तुमच्या इतर शब्दांबद्दल काही म्हणणं नाही, पण ‘आयटीमुळे श्रीमंत झालेल्या’ हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या घरात, माझ्या वडिलांसमोर ऐकलेलं आहे.

आधी पिंपरी-चिंचवडला ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ म्हणतात, ते बाजूला ठेवा. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट 74 हजार कोटींच्या वर होतं आणि आमचं, केंद्र-राज्याच्या योजना धरून, साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. तेव्हा आशिया वगैरे भाषणापुरतं. पण त्या आकाराच्या शहराच्या मानाने इथे पालिकेच्या हातात पैसा खूप होता, हे खरंच आहे. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्यानं तुम्हाला दिसतीलच. तो पैसा आला कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

तो जकातीतून आला.

माझे बाबा पालिकेच्या जकात विभागात होते. नोकरीला लागले तेव्हा पालिका नुकती कुठे उभी राहत होती. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं एकत्र करून 4 मार्च 1970 ला नगरपालिका झाली, स्थानिक नेते अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने. महापालिका झाली 1982 ला. गावं छोटी होती, पण आत कारखाने केवढे! हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 पासून होतीच. 1962 ला एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं, मग टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे भोसरीचे शेकडो छोटे शेड. शहरात वापरायला, विकायला जो माल आत येईल त्याच्या किमतीवर जकात. ज्या शहरात रोज पोलाद, रबर, यंत्रं, रसायनं यांचे ट्रकच्या ट्रक आत येतात, त्याची तिजोरी कशी भरेल याचा अंदाज तुम्हीच करा. रस्ते त्यातून झाले, दवाखाने त्यातून झाले. हिंजवडीचं नावही कुणी घेत नव्हतं तेव्हा.

मी शाळेत असताना बाबांची रात्रपाळी असली की भावाबरोबर नाक्यावर डबा द्यायला जायची. हायवेच्या कडेला ट्रकची रांग, डिझेलचा वास, आत ट्यूबलाइटखाली लाकडी टेबल. ड्रायव्हर बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि बिल पुढे करायचा. बाबा दोन्ही ताडून बघायचे, शंका आली तर मागे जाऊन ताडपत्री वर करायला लावायचे, मग आकडेमोड करून पावती फाडायचे. पावतीपुस्तकात कार्बन असायचा, त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम निळसर. शहरातून नुसता पलीकडे जाणारा ट्रक असला तर त्याला वेगळा पास, तो दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर दाखवायचा. बाबांना बाजार वर्तमानपत्राच्या आधी कळायचा. पोलादाच्या पत्र्याची रिळं घेऊन येणारे ट्रक वाढले की जेवताना म्हणायचे, “कुणीतरी नवी लाइन टाकतंय.” कमी झाले की गप्प जेवायचे, आणि आई समजून जायची.

2007 च्या सप्टेंबरात बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात गाड्या बनणं थांबलं. आमच्या शेजारचे काका तिथे होते. बाबांनी त्यांना त्या आठवड्यात दोनदा चहाला बोलावलं आणि दोन्ही वेळा दोघांमध्ये फारसं बोलणं झालं नाही. पुढच्या वर्षी बाबा निवृत्त झाले.

आता ते वाक्य. माझ्या धाकट्या दिरांनी वाकडला फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. बाराव्या मजल्यावर, गॅलरीतून डोंगर दिसतो. आई-बाबांना मुद्दाम बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर पान खात सगळे बसलेले, आणि भाऊजी त्यांच्या ऑफिसच्या मित्रांना सांगत होते, “इथे आधी काय होतं? शेतं आणि कारखान्याचा धूर. शहर श्रीमंत केलं आपण. नाहीतर जकात नाके लावून ट्रकवाल्यांना लुटणं, एवढाच यांचा उद्योग होता.” बाबा समोरच्या खुर्चीत. भाऊजींना बाबा कुठे नोकरीला होते हे माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी सुपारी चघळत विचारलं, “तुमची कंपनी कुठे?” भाऊजी म्हणाले, “हिंजवडी फेज टू, काका.” बाबा म्हणाले, “म्हणजे ग्रामपंचायतीत,” आणि उठून हात धुवायला गेले.

त्या एका वाक्यात सगळं उत्तर होतं, आणि तिथे बसलेल्या कुणालाही ते कळलं नाही. हिंजवडीचं आयटी पार्क महापालिकेच्या हद्दीत नाही. नोकरी लागल्यावर तुम्हालाही कळेल, वाकड संपतं तिथे हद्द संपते. पलीकडे ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. त्या चकचकीत इमारतींचा मिळकतकर पिंपरी-चिंचवडच्या तिजोरीत येत नाही. आयटीवाले या शहरात राहतात, घरपट्टी भरतात, मॉलमध्ये खर्च करतात, त्यांच्यामुळे बांधकाम वाढलं आणि बांधकाम परवानग्यांचं उत्पन्नही वाढलं. हे मी नाकारत नाही. पण पाया कुणी घातला, हा प्रश्न असेल तर उत्तर तिन्ही पाळ्यांत मशिनवर उभी राहिलेली माणसं. चाकणचंही तसंच. मर्सिडीज 1995 ला पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरू झाली आणि 2009 ला चाकणला गेली. चाकणही आमच्या हद्दीबाहेर. लोक मात्र सगळं एकाच नावाखाली मोजतात.

जकात चांगलीच होती असं म्हणायचं नाही. ट्रक तासन्तास अडायचे, डिझेल जळायचं, व्यापारी वैतागलेले असायचे. 2013 ला जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 2015 ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, 2017 ला जीएसटी. आता राज्य सरकार भरपाई म्हणून पैसे देतं. म्हणजे आजही उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्याच जुन्या जकात-एलबीटीच्या हिशोबावर मिळतो. नाके गेले, तरी त्यांनी घालून दिलेलं माप कामाला येतं. ज्यांच्या कामाला लूट म्हटलं, त्यांच्याच पावत्यांवर हे उभं आहे.

बरं, लोकवस्ती. 1971 ला या भागात लाखभर लोकसुद्धा नव्हते. 1981 ला अडीच लाख, 1991 ला पाच लाखांच्या वर, 2001 ला दहा लाख, 2011 ला सव्वासतरा लाख. दर दहा वर्षांनी दुपटीच्या आसपास. यातली काही वाढ हद्दीची आहे, 1997 ला भोवतालची अठरा गावं आत घेतली. पण मुख्य वाढ बाहेरून आलेल्या माणसांची. मराठवाडा, सोलापूर, खानदेश, सातारा, विदर्भ. दुष्काळाचं वर्ष असलं की आमच्या आळीत नवीन बिऱ्हाडं दिसायची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा पिंपरी कॅम्प, कारखान्यांबरोबर आलेले मल्याळी, नंतर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. नागपूरकर म्हणून तुम्हाला परकं वाटणार नाही, ही खात्री देते. इथे कुणीच कुणाला ‘मूळचे कुठले’ हे हिणवायला विचारत नाही, ओळख काढायला विचारतात. ते हिणवणं नदीपलीकडे पुण्यात होतं. पुण्यातले काही लोक आम्हाला अजून ‘तिकडचे’ म्हणतात आणि शहराला उपनगर म्हणतात. स्वतःची महापालिका आहे, 2018 पासून स्वतःचं पोलीस आयुक्तालय आहे. उपनगर कसलं?

2011 ला हजार पुरुषांमागे बायकांचं प्रमाण साडेआठशेच्याही खाली होतं. ‘श्रीमंत शहर’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. यात मुलगी नकोशी असण्याचा आपल्या समाजाचा दोष आहेच. पण हे असं शहर आहे जिथे पुरुष आधी एकटा येतो, एका खोलीत चार-पाच जण राहतात, मेसचा डबा खातात, घरी पैसे पाठवतात आणि जमलं तर बायकोला आणतात. सगळ्यांना जमत नाही.

आणि सरासरी उत्पन्न विचारू नका, त्यातून तुमची दिशाभूल होईल. एकाच एमआयडीसीच्या गेटातून आत जाणाऱ्या दोन माणसांत एक परमनंट कामगार आहे, ज्याचा दर काही वर्षांनी पगारवाढीचा करार होतो, ज्याची मुलं इंजिनिअर झालीत. त्याच्याच शेजारच्या मशिनवर ठेकेदारामार्फत लागलेला पोरगा आहे. काम तेच, गणवेशाचा रंग वेगळा, पगार निम्म्याहून कमी, आणि सात-आठ महिन्यांनी ब्रेक. त्याशिवाय गावकरी आहेत. त्यातल्या काहींच्या जमिनीला वाकड-पिंपळे सौदागरला सोन्याचा भाव आला, तर काहींच्या जमिनी नवनगर विकास प्राधिकरणाने 1972 नंतर घेतल्या आणि त्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्यांनी आयुष्यभर खेटे घातले. निगडी प्राधिकरणात बंगले आहेत आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गरिबांची वस्ती, ओटा स्कीम. या सगळ्यांची सरासरी काढून जो माणूस तयार होईल, तो या शहरात कुठेही राहत नाही.

पाण्याचं सांगते, कारण फ्लॅट घेणाऱ्याने तेच आधी विचारायला हवं. श्रीमंत महापालिकेत नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. पवना धरणातून थेट बंद जलवाहिनी आणायची होती. मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. प्रकल्प बारा वर्षं स्थगित राहिला. त्या दिवशी आमच्या घरात टीव्ही चालू होता आणि बाबा एवढंच म्हणाले की पाणी पाहिजे होतं, पण असं नको होतं. भाऊजींच्या सोसायटीत मात्र वर्षसभेत मागणी झाली की झोपडपट्टीचे नळ कमी करा, कर आम्ही भरतो. मी तिथे पाहुणी होते म्हणून बोलले नाही. इथे बोलते. भाऊजी, त्या वस्तीतल्या बायका तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करतात, तिथली मुलं तुमच्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या शेडमध्ये जातात, आणि तुमच्या बाराव्या मजल्यापर्यंत येणारा रस्ता त्यांच्या बापाच्या घामावर लागलेल्या जकातीतून झाला. पाण्यावर त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे. कर भरला म्हणून शहर विकत मिळत नाही, भाऊजी.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. राहायला शहर चांगलं आहे, पुण्यापेक्षा रस्ते मोकळे, शाळा भरपूर, मेट्रो 2022 पासून आहे. वाकड, पुनावळे, रावेत, ताथवडे हे तुमच्या कामाच्या जवळ. फ्लॅट बघताना क्लब हाउस दाखवतील, तुम्ही सोसायटीच्या कमिटीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं मागून घ्या. पवना, मुळा, इंद्रायणी यांच्या निळ्या पूररेषेत (नदीच्या पुराचा पट्टा, तिथे बांधकामाला बंदी) बांधकाम नाही ना, हे पालिकेत जाऊन बघा. 2025 च्या मे महिन्यात चिखलीला इंद्रायणीच्या पूररेषेतले 36 बंगले पाडले. ते घेणाऱ्यांनीही पूर्ण पैसे मोजले होते. तळवडे, किवळे, निगडीच्या काही भागांत देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा, आहे, तिथे स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. हिंजवडीच्या रस्त्यावरची सकाळची कोंडी ऐकून माहीत असेलच, ती प्रत्यक्षात आणखी वाईट आहे.

लोकसंख्येचे जे आकडे दिले ते 2011 पर्यंतचे. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे ‘आता इतके लाख’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर तो अंदाज समजा. आणि कारखान्यांकडे माझा ओढा आहे हे तुम्हाला एव्हाना दिसलंच असेल, एखादा आयटीवाला याच शहराचं वेगळं चित्र सांगेल, तेही विचारा. पहिला उन्हाळा भाड्याच्या घरात काढा. घेण्याचं त्यानंतर ठरवा.