४५ अंशांत ओव्हरक्लॉकिंग : वाचकांची प्रश्नोत्तरे

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-भुसावळकडचा पारा ४४-४५ला टेकतो आणि परीक्षा आटोपलेल्या मुलांचे गेमिंग लॅपटॉपही त्याच दिवसांत सगळ्यात जास्त राबतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे चिपला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचे आहेत, पण प्रत्येकाच्या मुळाशी उष्णताच आहे. म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू करतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये आय७-१३६२०एच प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे. दोन्ही ओव्हरक्लॉक करायचे आहेत. किती वाढवलं तर सुरक्षित राहील?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, भुसावळ

प्रोसेसरचा विषय आधी मिटवतो. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी नुसतं एच असेल, तर त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, कुलूपबंद असतो. तो वाढवायची मोकळीक प्रामुख्याने एचके आणि एचएक्स मालिकांत मिळते. तुझा एच आहे, म्हणजे तो ओव्हरक्लॉक होणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवरून स्वतःच ४.९पर्यंत चढतो आणि चढताना ११५ वॉटपर्यंत वीज खाऊ शकतो. एवढी उष्णता पातळ लॅपटॉपमधून सतत बाहेर काढता येत नाही. म्हणजे कंपनीनेच तो आधीच ताणलेला आहे.

इथे एक हिशोब समजून घे, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ५ टक्के वाढवायला व्होल्टेजही ५ टक्के वाढवावं लागलं, तर उष्णता जवळपास १६ टक्क्यांनी वाढते. उलट बाजूने बघ. त्याच वेगाला १.१ व्होल्टऐवजी १.० व्होल्टमध्ये भागलं, तर उष्णता १७ टक्क्यांनी घटते. लॅपटॉपमध्ये खरी कमाई या दुसऱ्या वाटेने आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. इथे तुला काम करायला जागा आहे. लॅपटॉपच्या एनव्हिडिया कार्डात व्होल्टेजची कमाल मर्यादा आणि बहुतेक वेळा वॉटची मर्यादाही कुलूपबंद असते. ४०६०ला कंपनी ३५ ते ११५ वॉटमधला कोणताही आकडा ठरवून देते, त्यामुळे एकाच नावाची दोन कार्डं वेगाने सारखी नसतात. तुझ्या मॉडेलचा आकडा आधी शोधून ठेव. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉक (कार्डाच्या मुख्य चिपचा वेग) अधिक १०० केलंस, की प्रत्यक्षात प्रत्येक व्होल्टेजवर कार्ड १०० मेगाहर्ट्झ जास्त पळतं. वॉटची मर्यादा तीच राहते. म्हणून लॅपटॉपवर हे ओव्हरक्लॉकिंग आणि अंडरव्होल्टिंग (त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं) ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, आणि म्हणूनच ते डेस्कटॉपवर व्होल्टेज वाढवण्याइतकं धोक्याचं नाही.

कोअर २५-२५ मेगाहर्ट्झने वाढव. प्रत्येक पायरीला तुझा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालव. चित्रात ठिपके चमकले, गेम बंद पडला किंवा स्क्रीन क्षणभर काळी झाली, की मर्यादा आली असं समज आणि तिथून ५० खाली ये. मग कार्डाच्या मेमरीचा वेग १००-१००ने वाढव. मेमरीच्या बाबतीत एक फसगत होते. चुका होऊ लागल्या तरी गेम कोसळेलच असं नाही. काही कार्डांत चुकलेली माहिती पुन्हा पाठवली जाते, त्यामुळे आकडा वाढलेला दिसतो आणि फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, मात्र घटतात. म्हणून प्रत्येक वेळी फ्रेम मोजायच्याच.

चाचणी दुपारी तीनला घे, ही माझी कळकळीची विनंती आहे. चिप जितकी तापलेली, तितकं त्याच वेगाला तिला जास्त व्होल्टेज लागतं. रात्री अकराला गच्चीवरच्या वाऱ्यात स्थिर वाटलेली सेटिंग दुसऱ्या दिवशी दुपारी कोसळते आणि मुलांना वाटतं कार्डच बिघडलं. शिवाय आफ्टरबर्नरमधला 'विंडोज सुरू होताच लागू करा' हा पर्याय किमान आठवडाभर बंद ठेव. तो बंद असला की सेटिंग चुकली तरी लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर सगळं मूळ जागी येतं. चालू असला आणि सेटिंग वाईट असली, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावं लागतं.

सगळं स्थिरावलं की कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा वक्र उघड. ०.९ व्होल्टच्या आसपास एक बिंदू निवड, तो तुझ्या नेहमीच्या वेगापर्यंत वर उचल आणि त्याच्या उजवीकडचा वक्र सपाट कर. वेग जवळपास तोच राहील, पण उष्णता उतरेल. मे महिन्यासाठी हा वक्र आणि डिसेंबरसाठी मोकळं ओव्हरक्लॉक, अशा दोन प्रोफाइल करून ठेव. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर अशाच दोन आहेत.

प्रश्न : थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याचे सगळे पर्याय करडे दिसतात. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र चालतात. माझ्यात काही दोष आहे का?
– अकाउंटंट, धुळे

दोष नाही, कुलूप आहे. डिसेंबर २०१९मध्ये बर्मिंगहॅम, ग्रात्झ आणि लुव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला दाखवून दिला. चालू प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून मुद्दाम घसरवलं, की तो हिशोबात चुका करतो आणि त्या चुकांमधून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं बाहेर काढता येतात. त्यानंतर इंटेलने ही वाट बंद करणारी सुधारणा दिली आणि लॅपटॉप कंपन्यांनी ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, घातली. काही गेमिंग मॉडेलांत बायोसमध्येच 'अंडरव्होल्ट प्रोटेक्शन' बंद करायचा पर्याय असतो, तेवढा पाहून घ्या. विंडोजमधली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असली तरीही हे पर्याय अडतात. पण ती बंद करणं म्हणजे घराचं दार उघडं टाकणं. ज्या लॅपटॉपवर लोकांचे हिशोब आणि बँकेचं काम चालतं, त्यावर मी ती बंद करणार नाही. जुना बायोस शोधून चढवण्याच्या भानगडीतही पडू नका.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे. थ्रॉटलस्टॉपमधली टर्बोची, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून चढतो त्या वेगाची, मर्यादा बहुधा खाली आणता येते. उदाहरणार्थ, ४.९ गिगाहर्ट्झऐवजी ४.० ठेवा. शेवटच्या काही शंभर मेगाहर्ट्झसाठी प्रोसेसर सगळ्यात जास्त व्होल्टेज मागतो, तेच वाचतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या उष्णतानलिका सहसा एकमेकांशी जोडलेल्या असतात. त्यामुळे प्रोसेसर थंड झाला, की ग्राफिक्स कार्डाला मोकळीक मिळते आणि पुष्कळदा फ्रेम घटण्याऐवजी स्थिर होतात. तेही जमलं नाही, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के करा. टर्बो पूर्ण बंद होईल, वेग बराच उतरेल, पण उन्हाळ्याचे दोन महिने निभावतील.

प्रश्न : आमचं घर जिनिंगच्या शेजारी आहे. लॅपटॉप दीड वर्षाचा. कधीच ओव्हरक्लॉक केला नाही, तरी गेम सुरू होताच ९७ अंश दाखवतो आणि फ्रेम ६०वरून २५वर येतात. आता काय करू?
– बोदवड

आलेल्या प्रश्नांत हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण खानदेशातले निम्मे 'बिघडलेले' लॅपटॉप असेच असतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते. तिच्याजवळ गेलं की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कापतो. तुमच्या २५ फ्रेम तिथून येतात.

दिवाळीपासून पुढे जिनिंग सुरू झालं, की हवेत सरकीचा बारीक तंतू तरंगत असतो. पंखा तो ओढून घेतो आणि तांब्याच्या जाळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे पंखा आणि जाळी यांच्या मधोमध, तंतूंची गादी बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. वर फुपाटा बसला की त्या गादीचा नमदा होतो. असे नमदे मी चिमट्याने अख्खेच्या अख्खे काढले आहेत.

बाहेरून हवा मारून हे निघत नाही, उलट आत ढकललं जातं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर वापरूच नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि त्या जोराने पंखा इतका भरधाव फिरतो की बेअरिंग जातं. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला साफ करून मागा. संपली असेल तर लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडा, सर्वात आधी बॅटरीची पिन काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने गादी सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ते ज्या जागचे, त्याच क्रमाने कागदावर ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला भोक पाडतो.

साफ करूनही उतार पडला नाही, तर थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूला पोचवणारा लेप, सुकलेली असणार. रोजच्या तापण्या-निवण्याने पातळ पेस्ट चिपच्या कडेला सरकत जाते. म्हणून मी लॅपटॉपमध्ये हनीवेलची पीटीएम७९५० ही पट्टी पसंत करतो. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन नेमकी बसते आणि पेस्टसारखी सरकत नाही. मात्र तुमच्याकडे उन्हाळ्यात ती पाकिटातच मऊ पडते आणि प्लास्टिकला चिकटून फाटते. लावण्याआधी पाकीट बंद ठेवूनच थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियम पोखरतं आणि एक थेंब बाजूला ओघळला तर बोर्डात शॉर्ट होतो.

जिनिंग संपेपर्यंत ही सफाई दर तीन महिन्यांनी करा. ओव्हरक्लॉकचा विचार त्यानंतर.

प्रश्न : लॅपटॉप कूलरसमोर ठेवला तर चालेल का? कूलिंग पॅड घेऊ की नको?
– अमळनेर

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरमधून येणारी हवा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी सहज थंड असते. दीपनगरच्या वीजकेंद्रातले उंच मनोरे पाण्याचं बाष्प करून उष्णता घालवतात, तेच तत्त्व इथे आहे. हवा १० अंशांनी उतरली की चिपचं तापमानही साधारण तेवढंच उतरतं. म्हणजे डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ८० दाखवणारा लॅपटॉप मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत १००ला भिडतो, आणि कूलर ही दरी बरीचशी भरून काढतो. चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरम असल्याने त्याच्यावर दव धरत नाही.

खरा धोका शिंतोड्यांचा. गवताचे पॅड नवे असताना किंवा पंप जोरात असताना बारीक थेंब उडतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. थेंब सुकले की पांढरा क्षार उरतो आणि पावसाळी दमटपणात तोच क्षार वीज वाहून नेतो. म्हणून लॅपटॉप थेट झोतात ठेवू नका. सहा-सात फूट लांब आणि बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा निघून जाईल. पावसाळ्यात कूलरचा काही उपयोग नाही.

कूलिंग पॅड घेण्याआधी लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून बघा. खाली दोन सारखी झाकणं ठेवली तरी पुरतं. पुष्कळदा स्वस्त पॅडइतकाच फरक पडतो.

प्रश्न : भाऊ, मना लॅपटॉप भलता तपस. खेळानं आधी अर्धा घंटा फ्रीजमा ठेवू का?
– साक्री

नको भाऊ. बाहेर काढताच गार धातूवर आतून-बाहेरून दव धरतं आणि तसाच सुरू केला तर बोर्ड जातो. शिवाय तो गारवा गेमच्या पाच मिनिटांतच संपतो.

प्रश्न : आमच्याकडे लोडशेडिंग असतं. ओव्हरक्लॉक चालू असताना लाइट गेली तर नुकसान होतं का? इन्व्हर्टरवर खेळलेलं चालतं का?
– शहादा

लाइट गेल्याक्षणी लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वॉट आपोआप कापतो. ओव्हरक्लॉकमुळे वेगळं नुकसान होत नाही. भीती लाइट परत येतानाच्या उसळीची असते, तेव्हा लाइट गेली की अडॅप्टर प्लगमधून काढायची सवय लावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर खेळा. स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो, तिथे खेळू नका. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरातलं अर्थिंग नाही किंवा तुम्ही तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घातला आहे. ते वायरमनकडून आधी नीट करून घ्या, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाला. लॅपटॉपचं ओव्हरक्लॉकिंग करतो म्हणतो. लॅपटॉप पेटेल का, वॉरंटी जाईल का, मला यातलं काही कळत नाही.
– जळगाव

ताई, तुमची काळजी रास्त आहे. चिप स्वतःचं रक्षण करते, मर्यादेला वेग कापते आणि तरी तापली तर बंद होते. ग्राफिक्स कार्डावर वर सांगितल्याप्रमाणे पायरीपायरीने केलं, तर त्याने आग लागण्याची भीती बाळगू नका. करून बघू द्या, त्यातून तो पुष्कळ शिकेल. वॉरंटीचा कागद मात्र दोघांनी मिळून वाचा. काही कंपन्या त्यांच्याच सॉफ्टवेअरमधलं ओव्हरक्लॉक चालवून घेतात, काही झाकण उघडलं तरी नाकारतात.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते दोन गोष्टींवर. अडॅप्टर गादीवर, उशीखाली किंवा गोधडीत कधी नसावा, तो उघड्या फरशीवर असावा. दुसरी बॅटरी. सतत प्लगला लावून उन्हाळ्यात गेम खेळला, की लिथियमची बॅटरी फुगू शकते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती त्याला लावायला सांगा. आणि दर रविवारी लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा आणि तो डुगडुगतो का, बोटाने फिरवायचा टचपॅड वर उचलला गेलाय का, ते बघा. तसं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप सुरू करू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि सोमवारी सकाळीच सर्व्हिस सेंटरला न्या.