रानभाज्या नातवंडांपर्यंत का पोचत नाहीत

तुमचा प्रश्न असा: कर्जत-खालापूरकडच्या कातकरी वाड्यांवर म्हाताऱ्या बायकांना कितीतरी रानभाज्या ओळखता येतात, नातवंडांना मोजक्याच. याचा दोष शाळा आणि मोबाइलला द्यावा का, आणि सर्वेक्षणात काय विचारावं? या भागात बरीच वर्षं फिरतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मोबाइल बाजूला ठेवा आणि आधी घराचं वर्ष मांडून बघा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. त्यामुळे शेवळी, फोडशी, टाकळा, कुरडू, भारंगी या पावसाळी भाज्या मोठ्या माणसांच्या हातात राहिल्या. हिवाळ्या-उन्हाळ्यातले कंद, डिंक, फळं यांची जाण मात्र विरत चालली, कारण ते महिने भट्टीवरच जातात. मुलांचं नेमकं उलटं. आश्रमशाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे ऐन भाजीच्या दिवसांत आजी रानात आणि नातू वसतिगृहात. शिकायची हौस असली तरी शिकणार कधी?

कडूकंदाचं बघा. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. हे सांगून येत नाही, आईच्या शेजारी बसून करावं लागतं. रेशनचा तांदूळ मिळू लागल्यावर एवढा खटाटोप कमी झाला. त्याबद्दल मला खंत वाटत नाही. भुकेपोटी शिकलेली विद्या भूक भागल्यावर मागे पडली तर त्या बाईला दोष कसा द्यायचा?

शेवळीची गोष्ट वेगळी. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाणे, डोंबिवली, दादरच्या बाजारात तिच्या जुड्या येतात. शेवळीने घसा खाजतो, म्हणून सोबत काकडं ही आंबट रानफळं घेतात. सीकेपी घरांत शेवळाचं कालवण वर्षातून एकदा तरी व्हावंच लागतं, आणि त्या गिऱ्हाइकामुळे वाडीवरच्या तरुण सुनांनाही शेवळी कुठे आधी उगवते, कोवळी कशी ओळखायची, हे पक्कं ठाऊक असतं. ज्या भाजीला शहरात कोणी ओळखत नाही, ती या सुनांना दाखवा. बऱ्याचदा म्हणतील, ‘सासूला विचारा.’ कोणती माहिती टिकणार हे पुष्कळदा गिऱ्हाईक ठरवतं.

कायद्याचा वाटाही मोठा आहे. खैरापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैर तोडणं गुन्हा ठरला, आणि पुढे माणसं कोळशाच्या भट्ट्यांकडे आणि मजुरीकडे वळली. ज्या झाडाला हात लावता येत नाही, त्याचं कसब पोराला कोण शिकवेल? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावरच्या हक्काचा दावा मंजूर झालेली वाडी आणि न झालेली वाडी यांची तुलना तुमच्या अभ्यासात जरूर घ्या.

आता प्रश्नावलीबद्दल. ‘किती वनस्पती माहीत आहेत?’ हा प्रश्न काढून टाका. शेवटची कधी आणली, कोणी निवडली, विकली की खाल्ली, ते विचारा. त्या वर्षी घर कुठे स्थलांतरित होतं, जमीन आहे का, हेही त्याच पानावर लिहा. पुरुषांकडून मासेमारीचा गेळा, म्हणजे मासे गुंगवायला पाण्यात टाकायचं रानफळ, कळेल, भाजी कशी निवडायची हे बायकांकडूनच. म्हणून फक्त कारभाऱ्याशी बोलून परतू नका. घरात पाहुणे असताना रानभाजीचा विषय काढला तर काही जण ‘आम्ही नाही खात’ म्हणतात. ‘गरिबाचं खाणं’ म्हणून हिणवलं गेल्याची लाज असते ती. रानात सोबत चालताना हीच माणसं भरभरून बोलतात.

आणि औषधी झाडांच्या नेमक्या जागा अहवालात छापू नका. नरक्या या रानझाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं द्रव्य असतं हे बाहेर कळल्यावर सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली. तोडणाऱ्याच्या हाती रोजची मजुरी पडली, नफा वरचे व्यापारी घेऊन गेले. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला आणि वाडीला आधी विचारा, काय लिहायचं आणि काय नाही ते त्यांना ठरवू द्या, मगच वही उघडा.