वाचकांचे प्रश्न : ब्रिटनची विद्यापीठे, तिथला व्हिसा आणि आपला पैसा

ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवरून जो वाद चालू आहे त्यावर या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यातली निवडक पत्रे घेतली आहेत. शुल्काचे आकडे दरवर्षी, बहुधा एप्रिलमध्ये, बदलतात. त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ते पुन्हा बघा.

प्रश्न : मुलीला इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांकडून मास्टर्सची ऑफर आली आहे. एकीकडे बातम्यांत ‘परदेशी विद्यार्थी कमी करा’ अशी ओरड, दुसरीकडे विद्यापीठांचे ‘लवकर या’ म्हणून सतत ई-मेल. आम्ही नेमके काय समजायचे? (पालक, सांगली)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बोलावतात ती विद्यापीठे आणि कमी करा म्हणते ते सरकार.

पैशाचे गणित असे आहे. इंग्लंडमध्ये तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्याकडून किती फी घ्यायची याची कमाल मर्यादा सरकार ठरवते. 2012 मध्ये ती 9,000 पौंड झाली, 2017 मध्ये 9,250 आणि त्यानंतर 2024-25 पर्यंत तिथेच गोठली. 2025-26 ला ती 9,535 झाली. मधल्या काळात पगार, वीज, इमारती सगळे महागले, म्हणजे हातात पडणाऱ्या फीची किंमत घटत गेली. संशोधनासाठी मिळणारे अनुदानही पूर्ण खर्च भागवत नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला मात्र कमाल मर्यादा नाही. ती विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि वरची दोन्ही भगदाडे त्याच फीतून बुजवली जातात. ब्रिटिश सरकारला सल्ला देणाऱ्या स्थलांतर सल्लागार समितीने मे 2024 च्या अहवालात हेच स्पष्ट मांडले.

हे कालपरवाचे नाही. परदेशी विद्यार्थ्यांना वेगळी, जास्त फी 1967 मध्येच लागू झाली, आणि थॅचर सरकारने 1980 पासून त्यांच्याकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करायला सुरुवात केली. विद्यापीठांचा तोल या फीवर पडत गेला तो तेव्हापासून.

तोल गेला की काय होते ते स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात दिसले. 2023 मध्ये नायजेरियाचे चलन कोसळले, तिथून येणारे पदव्युत्तर विद्यार्थी आटले, आणि 2025 च्या मार्चमध्ये विद्यापीठाने सुमारे 3.5 कोटी पौंडांची तूट भरून काढण्यासाठी 632 पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. तूट केवळ नायजेरियामुळे आली नव्हती. व्यवस्थापनाच्या चुका नंतरच्या चौकशी अहवालात सविस्तर आल्या. पण एकाच देशाच्या विद्यार्थ्यांवर भिस्त ठेवण्याचा धोका त्यातून कळतो.

तेव्हा दोन ऑफर हातात असतील तर क्रमवारीइतकेच विद्यापीठाच्या तब्येतीकडे बघा. प्रत्येक विद्यापीठ वार्षिक आर्थिक विवरण संकेतस्थळावर टाकते. सलग दोन-तीन वर्षे तूट आहे का, एकूण उत्पन्नात परदेशी फीचा वाटा किती, हे त्यात सापडते. इंग्लंडमधल्या नोंदणीकृत संस्थांना अभ्यासक्रम बंद पडल्यास विद्यार्थ्यांचे काय करणार याची ‘विद्यार्थी संरक्षण योजना’ द्यावी लागते. ती वाचा, आणि मुलीचा अभ्यासक्रम ज्या विभागात आहे तिथे कपात चालू आहे का हे ई-मेलवर लेखी विचारा. जागा राखण्यासाठी विद्यापीठ मागते ती ठेव भरण्याआधी विचारा. एकदा पैसे गेले की उत्तरे सावकाश येतात.

प्रश्न : आमची बचत पतसंस्थेतल्या मुदत ठेवीत आहे. मुलाच्या मामांनीही मदत देऊ केली आहे. व्हिसासाठी हे चालेल का, आणि एकूण किती रक्कम दाखवायची? (नाशिक)

पतसंस्थेतली ठेव दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. ज्या संस्थेत पैसा आहे तिच्यावर त्या देशाच्या वित्तीय नियामकाचे नियंत्रण हवे, अशी ब्रिटनची अट आहे. पतसंस्था सहकार निबंधकांच्या अखत्यारीत असतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते, पण होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याला, पडताळणी करता यायला हवी. छोट्या बँकेकडून ई-मेलला उत्तर गेले नाही तरी अर्ज अडकतो. पैसे वेळेत राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत हलवणे सगळ्यात सोपे.

आता रक्कम. पहिल्या वर्षाची न भरलेली फी, अधिक राहण्याखाण्याचा 9 महिन्यांचा खर्च. 11 नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडनसाठी महिना 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरतात. म्हणजे 9 महिन्यांचे अनुक्रमे 13,761 आणि 10,539 पौंड. समजा लंडनबाहेरच्या विद्यापीठाची फी 20,000 पौंड आहे आणि 5,000 भरले आहेत, तर 15,000 अधिक 10,539, एकूण 25,539 पौंड दाखवायचे. रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवसाच्या दराने होतात. म्हणून वर पाच टक्के तरी जास्त ठेवा. दर घसरल्यामुळे चार-पाच हजार रुपये कमी पडले तरी अर्ज नामंजूर होऊ शकतो.

ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, असे आपोआप कापले जाणारे पैसे याच काळात घात करतात, म्हणून या 28 दिवसांसाठी वेगळे खाते बरे. स्टेटमेंटमधली शेवटची तारीख अर्जाच्या आधी 31 दिवसांच्या आत असावी.

खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे हवे. मामा, काका, आजोबा यांचे चालत नाही. मामांना द्यायचेच असेल तर त्यांनी पैसे तुमच्या खात्यात टाकावेत आणि मग 28 दिवस मोजावेत. मोठी रक्कम अचानक आली तर तिचा उगम विचारला जाऊ शकतो, म्हणून भेटपत्र आणि मामांचे स्टेटमेंट जपून ठेवा. आईवडिलांचे खाते असेल तर जन्मदाखला आणि पैसे वापरायला संमती देणारे पत्र जोडावे लागते. इथे आपल्याकडे एक अडचण हमखास येते. जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव असते, बँकेत सासरचे, आणि पासपोर्टवर तिसरेच. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत द्या, आणि दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर.

मुदत ठेव केव्हाही मोडता येत असेल तर चालते. तसे बँकेकडून लिहून घ्या. पाच वर्षांची करबचत ठेव मोडता येत नाही, म्हणून ती चालत नाही. शेअर, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, सोने यांची किंमत इथे शून्य धरा. शैक्षणिक कर्ज असेल तर 28 दिवसांची अट नाही, पण मंजुरीपत्र अर्जाच्या आधी 6 महिन्यांच्या आतले हवे आणि रक्कम विद्यार्थ्याच्या नावे मंजूर झाल्याचे त्यात स्पष्ट हवे. ‘तत्त्वतः मंजूर’ एवढेच लिहिलेले पत्र उपयोगाचे नाही.

याशिवाय व्हिसा शुल्क (एप्रिल 2025 मध्ये 524 पौंड झाले) आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो आणि सहा महिन्यांहून कमी राहिलेल्या तुकड्याला अर्धा अधिभार लागतो. म्हणून एकूण 1,164 पौंड. हे पैसे अर्ज करतानाच जातात. ते दाखवायच्या रकमेतून काढू नका.

प्रश्न : व्हिसा अर्ज अजून दूर आहे, तरी विद्यापीठच मुलाखत घेते, बँक स्टेटमेंट मागते. एजंट म्हणतात ही निव्वळ औपचारिकता आहे. खरे का? (पुणे)

नाही, आणि असे सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहा.

विद्यार्थ्याला प्रायोजित करण्याचा परवाना विद्यापीठाकडे असतो आणि दरवर्षी त्याची परीक्षा होते. त्या विद्यापीठाने ‘कॅस’ म्हणजे प्रवेशनिश्चितीचा क्रमांक दिलेल्यांपैकी किती जणांचे व्हिसा नाकारले गेले, किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, हे मोजतात. नकाराचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत हवे असा जुना निकष होता. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तो 5 टक्के करायचे ठरवले. रुजू होण्याचे प्रमाण 90 वरून 95 आणि पूर्ण करण्याचे 85 वरून 90 टक्के. परवाना जाऊ शकतो ही पोकळ धमकी नाही. ऑगस्ट 2012 मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा गेला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थी टांगणीला लागले.

त्यामुळे व्हिसा अधिकारी काय विचारेल ते विद्यापीठ आधीच विचारते आणि शंका आली तर कॅस देतच नाही. मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. हाच अभ्यासक्रम का, त्यातले विषय कोणते, इथल्या पदवीशी त्याचा संबंध काय, मध्ये दोन वर्षांचा खंड असेल तर त्या काळात काय केले, फी कोण भरणार आणि त्याचे उत्पन्न किती, राहणार कुठे. हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. एजंटने लिहून दिलेला उद्देशलेख (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मुलाने वाचलाच नाही, हे फसण्याचे मोठे कारण आहे.

एजंटला कमिशन बहुतेक वेळा विद्यापीठाकडून, म्हणजे तुमच्याच फीतून, मिळते. ज्या विद्यापीठाशी त्याचा करार नाही त्याचे नाव तो सहसा काढणार नाही. आणि ‘पैसे आम्ही दाखवतो’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. खोटी कागदपत्रे सापडली तर 10 वर्षांची बंदी येते आणि विद्यापीठे सहसा ठेवही परत देत नाहीत. फटका मुलाला बसतो, एजंटला नाही.

प्रश्न : मी लेस्टरला शिकतो आहे. माझे मास्टर्स सप्टेंबर 2026 मध्ये संपेल. ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा मिळेल की दीड?

ग्रॅज्युएट व्हिसा म्हणजे शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये राहून नोकरी करायला मिळणारा व्हिसा. त्याचा अर्ज तुम्ही कधी करता यावर ते आहे. 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांना, पीएचडी सोडून, 18 महिने मिळतील. त्याआधी अर्ज गेला तर दोन वर्षे.

तुमच्यापुढची खरी अडचण निकालाची आहे. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने होम ऑफिसला कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. प्रबंध सप्टेंबरमध्ये दिला तरी परीक्षा मंडळाची बैठक बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आत्ताच विचारा की बैठक कधी आणि होम ऑफिसला कधी कळवणार. प्रबंधाला मुदतवाढ घेतली किंवा एखादा विषय राहिला तर डिसेंबर हुकण्याची शक्यता मोठी. पदवीदान समारंभाची वाट बघायची गरज नाही. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो, तेव्हा दिवाळीला घरी यायचे तर या तारखा बघून या, आणि अर्ज केल्यावर निर्णय होईपर्यंत देश सोडू नका.

पुढचेही आत्ताच बघा. हा व्हिसा वाढवून मिळत नाही. नंतर स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे कंपनीने प्रायोजित केलेला नोकरीचा व्हिसा, हवा, आणि जुलै 2025 पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला 41,700 पौंड आहे. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना ती 33,400 पौंड लागते, मात्र ही सवलत ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ धरून एकूण चारच वर्षे मिळते, आणि त्या विशिष्ट कामाच्या ठरलेल्या दराच्या 70 टक्के रक्कम याहून जास्त असेल तर ती लागू होते. नोकरीच्या पहिल्या बोलण्यातच कंपनीकडे प्रायोजक परवाना आहे का हे विचारायला संकोचू नका.

प्रश्न : पत्नीला सोबत नेता येईल का? (लातूर)

पीएचडी किंवा संशोधनाधारित पदव्युत्तर पदवी असेल तर, किंवा सरकारी शिष्यवृत्तीवर काही अटींसह. नेहमीच्या मास्टर्सला आणि एमबीएला 1 जानेवारी 2024 पासून नाही.

प्रश्न : परदेशी विद्यार्थ्यांवर कर बसणार असे वाचले. मुलगा 2028 मध्ये जाणार आहे. तो कर आम्ही भरायचा का? आणि तिथल्या मुलांच्या जागा आपली मुले घेतात, हे खरे आहे का? (ठाणे)

नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारने जाहीर केले ते असे : ऑगस्ट 2028 पासून इंग्लंडमधल्या विद्यापीठांनी दर परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला 925 पौंड द्यायचे, पहिले 220 विद्यार्थी वगळून. त्यातून तिथल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांना निर्वाह अनुदान द्यायचे आहे. कर विद्यापीठावर आहे, पण ते तो फीत मिळवू शकते. त्या वर्षाच्या फीत हजारभर पौंडांची वाढ गृहीत धरूनच हिशेब करा.

जागांबद्दल : इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थिसंख्येवरची मर्यादा 2015-16 पासून उठली, त्यामुळे बहुतेक अभ्यासक्रमांत परदेशी मुलामुळे तिथल्या मुलाची जागा जाते असे म्हणता येत नाही. वैद्यकीय शिक्षणात जागा अजून मोजक्याच आहेत, आणि तिथे परदेशी विद्यार्थ्यांचा कोटाही मोजकाच आहे. घरभाड्याची तक्रार मात्र खरी आहे. वसतिगृहे न वाढवता विद्यापीठांनी विद्यार्थी वाढवले तिथे त्याचा त्रास स्थानिकांना झाला आणि आपल्या मुलांनाही. घर नक्की झाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका.

प्रश्न : फी पाठवताना बँक टीसीएस कापेल का? (मडगाव)

टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर. परदेशी पाठवलेली रक्कम आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाख रुपयांपर्यंत असेल तर नाही. मान्यताप्राप्त वित्तीय संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या पैशावरही नाही. पण ते पैसे कर्जखात्यातूनच जात आहेत हे बँकेला कागदाने दाखवावे लागते. आधी बचत खात्यात घेऊन मग पाठवले की गोंधळ होतो. स्वतःच्या पैशातून 10 लाखांवर जात असाल तर आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवावे, म्हणजे दोघांची मर्यादा वेगळी धरली जाईल. कापलेला टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून ज्याला विवरणपत्र भरायचे नसते अशा आजीच्या खात्यातून मोठी रक्कम पाठवू नका.