नवी डिस्क बसवली, आता सॉफ्टवेअर परत कसं आणायचं?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क टक-टक आवाज करायला लागली होती, कधी चालू व्हायचा कधी नाही, म्हणून ती काढून ५१२ जीबीची एसएसडी बसवली आणि मित्राच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकलं. आता ते अ‍ॅक्टिव्हेट करा असं सारखं सांगतंय. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून लावली तर अजून दिसते, म्हणून त्यातला प्रोग्राम फाइल्सचा अख्खा फोल्डर इकडे कॉपी केला, पण एकही सॉफ्टवेअर धड उघडत नाही, कुठे डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी जोडफाइल) सापडत नाही म्हणतं तर कुठे नुसतंच गप्प. ऑफिसची प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) सापडत नाहीये. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं तर ते म्हणतं लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. पाच वर्षांचं काम आहे त्यात. कुठून सुरुवात करू?

उत्तर : सगळ्यात आधी प्रोग्राम फाइल्सची कॉपी थांबवा. टक-टक करणारी डिस्क किती तास चालेल ते कोणालाच सांगता येत नाही, आणि ते उरलेले तास तुम्ही अशा फाइल्सवर खर्च करताय ज्या इंटरनेटवरून परत मिळतात. तुमची ड्रॉइंग्ज, पत्रं, फोटो, हिशेब हे कुठूनच परत मिळणार नाही. म्हणून आधी फक्त स्वतः तयार केलेलं काढा, तेही महत्त्वाचं पहिल्यांदा, आणि नव्या डिस्कशिवाय अजून एका ठिकाणी ठेवा. विंडोजने डिस्क दुरुस्त करू का विचारलं तर नाही म्हणा, कारण ती तपासणी डिस्कला खूप राबवते आणि मोडकळीला आलेल्या डिस्कवर उलट नुकसान करू शकते. कॉपी मध्येच अडकून आवाज वाढला तर सरळ बंद करून काढून ठेवा, परत परत लावून बघू नका. त्यात खरंच न भरून येणारं काही असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची वेळ तीच.

जुनी डिस्क लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, याचा अर्थ डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू होतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा ते आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये जमा होते, तिथे बघा.

एक फोल्डर लोक हमखास विसरतात तो म्हणजे अ‍ॅपडेटा. तो युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये लपलेला असतो, हिडन फाइल्स दाखवा केल्याशिवाय दिसत नाही. थंडरबर्डची सगळी मेल, फायरफॉक्सचं अख्खं प्रोफाइल, कित्येक सॉफ्टवेअरची टेम्प्लेट्स आणि टूलबारच्या सेटिंग्ज तिथेच असतात. आउटलुकची मेल ठेवणारी पीएसटी फाइल मात्र बहुधा डॉक्युमेंट्समध्ये सापडते. क्रोमचे पासवर्ड नुसता फोल्डर कॉपी करून येत नाहीत, ते जुन्या विंडोजच्या लॉगिनला बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळे सिंक चालू असेल तर अकाउंटमध्ये लॉगिन करूनच आणायचे. हे मी कळकळीने सांगतोय कारण मी स्वतः एकदा डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप घेतले, झालं काम असं समजून जुनी डिस्क तिसऱ्या दिवशी फॉरमॅट केली आणि कित्येक वर्षांची मेल गेली, ती परत मिळालीच नाही.

आता कॉपी केलेलं सॉफ्टवेअर का चालत नाही ते. इन्स्टॉल करताना सेटअप नुसता एक फोल्डर टाकत नाही, तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शेकडो नोंदी करतो, काही फाइल्स विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतो, काही प्रोग्रामडेटात, मागे चालणाऱ्या सर्व्हिस नोंदवतो. तुम्ही आणला तो त्याचा एक तुकडा. पोर्टेबल प्रकारची सॉफ्टवेअर असतात ती तेवढी अशी उचलून चालतात, बाकीची परत इन्स्टॉल करावीच लागतात.

विंडोज परत विकत घ्यायची बहुतेक गरज नाही. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत जे विंडोज येतं त्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच्या चिपमधल्या कायमच्या प्रोग्राममध्ये) साठवलेली असते, आणि विंडोज १० पासूनचं डिजिटल लायसन्सही मुख्यतः मदरबोर्डवरूनच ओळखलं जातं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. मग तुमचं का अडलं? माझा अंदाज, लॅपटॉप विंडोजच्या होम एडिशनचा आहे आणि त्या पेन ड्राइव्हवरून प्रो एडिशन टाकलं गेलंय. होमचं लायसन्स प्रोला चालत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर कुठली एडिशन आहे बघा, प्रो निघालं तर होम नव्याने टाका. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून टूल घेऊन किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. नव्या डिस्कवर आणलेला डेटाही आधी बाहेर काढा. की विचारली तर माझ्याकडे नाही हा पर्याय निवडा. शक्यतो ११ टाका, कारण १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, फक्त ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतो ते आधी तपासा.

आणि इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन डिस्क लावलेल्या असल्या की चुकून भलतीच फॉरमॅट होते, किंवा बूटच्या फाइल्स जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि ती काढली की मशीन चालूच होत नाही. सेटअपला एसएसडी दिसलीच नाही तर ती खराब आहे असं लगेच धरू नका, इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो, तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घ्या आणि लोड ड्रायव्हर करा.

विंडोज झालं की ड्रायव्हर, अपडेट, रिस्टार्ट, आणि मगच बाकीचं. वायफायच चालत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, तेवढ्यावर बाकीचे ड्रायव्हर उतरतात.

ऑफिस २०१३ किंवा नंतरचं असेल तर ज्या अकाउंटवर आधी की टाकली होती तिथे लॉगिन करून थेट इन्स्टॉल करता येतं, की लागत नाही. मुख्य काम म्हणजे तो ईमेल कुठला होता ते आठवणं, त्यासाठी जुन्या मेलमध्ये खरेदीची पावती शोधा. की शोधून देतो म्हणणाऱ्या टूलवर वेळ घालवू नका, या व्हर्जन कॉम्प्युटरवर कीची फक्त शेवटची ५ अक्षरं ठेवतात.

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं असं झालंय की त्याच्या सर्व्हरला तुमचं नवं विंडोज म्हणजे वेगळंच मशीन वाटतंय आणि जुन्याची जागा अजून अडलेली आहे. कंपनीच्या साइटवर तुमच्या अकाउंटमध्ये जुनं मशीन डीअ‍ॅक्टिव्हेट करायची सोय असते का बघा. नसेल तर सीरियल नंबर आणि पावती जोडून सपोर्टला डिस्क निकामी झाली म्हणून स्पष्ट लिहा, हे प्रकार त्यांच्याकडे रोज येतात. वैतागून क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारी फाइल) मात्र टाकू नका, नव्या डिस्कवर पहिल्याच आठवड्यात व्हायरस घ्यायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

प्रश्न : माझी हार्ड डिस्क चांगली आहे, फक्त स्लो आहे म्हणून एसएसडी घेतोय. मलाही सगळं परत इन्स्टॉल करावं लागेल का?

उत्तर : नाही, तुम्ही क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवा. विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज जसंच्या तसं येतं आणि बहुतेक लायसन्सही टिकतात, तरी जी लायसन्स मशीन मोजतात ती आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करून घेतलेली बरी. क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, जुनी १ टीबी आणि नवी ५१२ जीबी असेल तर एसएसडी कंपनीचं स्वतःचं क्लोनिंग टूल बघा, त्यातली बरीचशी फक्त भरलेली जागाच नेतात. सुरू करायच्या आधी कुठली डिस्क सोर्स आणि कुठली टार्गेट ते साइज आणि मॉडेल नंबर वाचून दोनदा खात्री करा, कारण उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क निदान दोन-तीन महिने तशीच ठेवा, वर्षातून एकदा लागणारी फाइल नेमकी तेव्हाच आठवते.